पिवळ्या नोंदी

एका बाईने माझ्या चुकीची माफी माझ्याकडेच मागितली आणि मी ती घेतली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मुळात मी कमी बोलणारा. त्यामुळे मी काही पोटात ठेवून आहे अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही. कमी बोलणाऱ्याची ही एक सोय असते.

एरवी माझं बरं चाललं आहे. बीडमध्ये स्वतःचं घर आहे, मुलगी मार्गाला लागली, गुडघे अजून जिना चढू देतात. आणि ज्या वर्षांबद्दल सांगायचं आहे ती तर माझी सगळ्यांत चांगली वर्षं. सकाळी चपला घालताना कामावर जायची घाई असायची, असा मी तेव्हा होतो. म्हणूनच कदाचित सांगायला इतका उशीर झाला. वाईट दिवसांत झालेली चूक माणूस दिवसांच्या माथी मारून मोकळा होतो. चांगल्या दिवसांत केलेली कुणाच्या माथी मारणार?

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बीडमध्ये गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झाले होते, घराघरांवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, आणि टायपिंग क्लासच्या जुन्या पाट्यांवर खाली कुंचल्याने 'कॉम्प्युटर' एवढा शब्द वाढवलेला दिसायचा. मी ज्या सहकारी बँकेत लागलो तिनेही शाखांमध्ये कॉम्प्युटर बसवायचं ठरवलं. मुख्य कचेरी बीडला, शाखा तालुक्यांच्या गावी. मला पद मिळालं ते सिस्टीम ऑफिसरचं. या पदाचा माणूस नेमकं काय करतो हे बँकेत कुणालाच माहीत नव्हतं. पहिले काही महिने मलाही नव्हतं.

काम साधारण असं होतं. प्रत्येक शाखेत एक सर्व्हर असायचा, म्हणजे बाकीच्या मशीनींचा मुकादम. संध्याकाळी कॅश बंद झाली की शाखेतला ऑपरेटर बीडला फोन जोडायचा. मॉडेम थोडा वेळ खरखरायचा, किंचाळायचा, आणि मग दिवसभराचे व्यवहार तारेवरून माझ्या मशीनमध्ये येऊन पडायचे. त्यांच्यासोबत आणखी एक गोष्ट यायची. सर्व्हरने दिवसभरात आपल्याबद्दल आपणच लिहून ठेवलेल्या नोंदी. वीज गेली, वीज आली. कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकला. प्रिंटर सापडला नाही. लाईन तुटली. मशीनला स्वतःची तब्येत लिहून ठेवायची खोड असते हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार गंमत वाटली होती. या नोंदींना रंग असत. निळी म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे काहीतरी बंद पडलं. आणि पिवळी म्हणजे अजून बंद पडलेलं नाही, पण लक्ष असू द्या.

सकाळी आलो की मी सगळ्या शाखांच्या नोंदी बघायचो आणि त्यांचा मराठीत एक पानी रिपोर्ट टाईप करायचो. दुपारी शाखा पुन्हा फोन जोडून तो उतरवून घेत आणि छापत. खरं तर ज्या शाखेचं तिला तेवढं कळवलं असतं तरी चाललं असतं. पण मी सगळ्यांचं सगळ्यांना पाठवायला लागलो. म्हटलं, आज गेवराईत झालं ते उद्या माजलगावात होईल, आधी कळलेलं बरं. हेतू चांगला होता. लोक मात्र दुसऱ्याच्या शाखेत काय बिघडलं ते आधी वाचायचे आणि मग आपलं.

त्यात मला लिहायची हुक्की आली. बोलताना मला विनोद सुचत नाही, समोरचा निघून गेल्यावर सुचतो. टाईप करताना मात्र समोर कुणी नसायचं. 'गेवराई : लाईन दुपारी जेवायला गेली ती परतली नाही.' 'माजलगाव : पासवर्ड पुन्हा पुन्हा चुकला. टाकणाऱ्याचा चष्मा घरी राहिला असावा.' असलं काहीबाही. दुपारी रिपोर्ट पोचला की फोन सुरू.

"साहेब, आमचा चष्मा तुमाला बीडातून दिसला का?" माजलगावचे मॅनेजर विचारायचे.

"तुमच्या मशीनने सांगितलं."

"मशीन लई चुगलखोर हाय तुमची. मग गेवराईचं आज कावून काही न्हाई? त्यांची लाईन तर परवापासून मेलेली हाय."

"मेलेली असेल तर उद्याच्या रिपोर्टात येईल."

"येऊ द्या, येऊ द्या. आमी वाचायला बसलोच हाव."

बँकेचे अध्यक्ष कापसाचे जुने व्यापारी होते. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही, पण दुपारच्या चहाबरोबर त्यांना हा रिपोर्ट लागायचा. ते तो आपल्या शिपायाकडून वाचून घेत. "वाच बे, आज कोण आजारी हाय," असा आवाज प्लायवूडच्या भिंतीपलीकडून यायचा. मग शिपाई अडखळत वाचायचा, आणि मी टाईप केलेल्या एखाद्या ओळीवर अध्यक्ष खो-खो हसायचे. भिंतीच्या अलीकडे मी मान खाली घालून काम करत असल्यासारखा बसायचो. ते हसू ऐकलं की माझा दिवस सोन्याचा जायचा. हे लिहायला आज लाज वाटते, पण लिहितो, कारण पुढचं सगळं त्या हसण्यापायी झालं.

पिवळ्या नोंदींचं करायचं काय हा प्रश्न होता. त्या रोज ढिगाने येत, लांबच लांब इंग्रजीत, आणि बहुतेक फुसक्या निघत. त्यांच्यावर काही गमतीचं लिहिताही येत नसे. त्या घातल्या की रिपोर्ट तीन-चार पानांवर जायचा आणि शिपाई वाचता वाचता जांभई द्यायचा. म्हणून मी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तो लाल नोंदी ठेवायचा आणि पिवळ्या गाळायचा. मी त्याला चाळणी म्हणायचो. गाळलेल्या नोंदी आपण स्वतः अधूनमधून बघत जाऊ असं मनाशी ठरवलं होतं. सुरुवातीला बघितल्याही.

आष्टीच्या शाखेत ऑपरेटर म्हणून एक बाई होत्या. माझ्याहून थोड्या लहान, आष्टीच्याच, घरची पिठाची गिरणी. आधी त्या पासबुकं भरायच्या. शाखेत सर्व्हर आला तेव्हा त्याच्यापुढे बसायला कुणी तयार होईना, म्हणून त्यांना ट्रेनिंगला बीडला पाठवलं. बाकी सगळे पुरुष, आणि सगळे मशीनकडे असे बघायचे की जणू हात लावला तर पगार कापला जाईल. या बाई बिनधास्त बटणं दाबायच्या. भीती वाटत नाही का, असं मी विचारलं.

"गिरणीपेक्षा बरी हाय साहेब," त्या म्हणाल्या. "हिच्यात हात तर जात न्हाई."

संध्याकाळी सगळ्यांत आधी फोन जोडला जायचा तो आष्टीचा. काही अडलं तर त्या विचारायच्या, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. एकदा फोनवर सहज म्हणाल्या, "लोक आता मॅडम म्हनतेत मला. पासबुकावर होते तर 'ओ बाई' म्हनायचे. वडील गिरणीत येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगत बसतेत, आमची पोरगी बँकेचं मेन मशीन चालवती म्हणून. दळण राहतं बाजूला." त्या खुर्चीचं मोल त्यांना किती होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा होते, आणि पूजा झाली की त्या वस्तूला हात लावायचा नाही. तिला विश्रांती. शिवणयंत्र झाकून ठेवतात, तराजू उलटा घालतात. गिरणीवाले पट्टा उतरवून ठेवतात. कॉम्प्युटर आल्यावर आमच्या शाखांनी हे आपसूक पुढे नेलं, कुणी फर्मान काढलं नव्हतं. दुपारी व्यवहार लवकर आवरायचे, सर्व्हर बंद करायचा, त्याला हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि दसऱ्याची सुट्टी संपली की चालू करायचा. त्या दिवशी माझ्याकडे एकाही शाखेचा फोन जोडला जात नसे. जिल्हाभरची मशीनं एकदम गप्प. मला तो दिवस फार आवडायचा.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गाळलेल्या नोंदींवरून नजर फिरवली. आष्टीच्या पिवळ्या नोंदी नेहमीपेक्षा जास्त होत्या, आणि एकाच तऱ्हेच्या. डिस्कवर लिहिताना मशीनला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागत होता. याचा अर्थ मला कळत होता. दुखणं लागलेल्या डिस्कची ती पहिली खूण असते. नवी डिस्क माझ्याच कपाटात पडून होती. पण आष्टीला जायचं म्हणजे पूर्ण दिवस जाणार, त्यात सणाची गर्दी. विजेच्या ये-जा करण्याने होत असेल, दसरा झाल्यावर बघू, असं म्हणून मी ती खिडकी बंद केली.

त्याच दुपारी आष्टीहून बाईंचा फोन आला.

"साहेब, उद्या पूजा हाय. मशीन बंद करू ना?"

"करा की. सगळ्याच शाखा करणार आहेत."

"नारळ भायेर उंबऱ्यावर फोडीन. आत न्हाई आणणार."

"बरं."

"आजून काही सांगायचं का?"

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

त्यांनी हे इतकं सरळ विचारलं होतं. डिस्क आजारी दिसते, रोजची कॉपी जपून काढा, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

दसरा झाला. आष्टीचं मशीन चालू झालं, काही दिवस चाललंही. मी पुन्हा पिवळ्या नोंदी उघडून बघितल्या नाहीत. आष्टी भागातले कितीतरी लोक दसऱ्यानंतर ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. निघायच्या आधी बँकेत झुंबड असते. घरी म्हाताऱ्यांसाठी काही ठेवायचं, काही बरोबर न्यायचं, बैलाच्या खुरांना पत्री मारायची, किराणा भरायचा. नेमक्या त्या गर्दीत एके दिवशी सकाळी आष्टीचं मशीन सुरूच होईना. बाईंचा फोन आला तेव्हा मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. मी कपाटातली डिस्क आणि आष्टीच्या व्यवहारांची टेप पिशवीत टाकली आणि बँकेच्या जीपने निघालो.

पालीजवळ बिंदुसरेच्या धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. ड्रायव्हर गाणी गुणगुणत होता आणि मी मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून पाटोद्यापर्यंत एकच हिशेब करत बसलो होतो, की ही डिस्क मी आधी आणली असती तर.

आष्टीत पोचलो तर शाखेच्या दारात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत चूल, पत्रे, कोंबड्या, पोरं, सगळा संसार चढवलेला, आणि ऊसतोड टोळीचा मुकादम शाखेच्या पायरीवर बसून बिडी ओढत होता. "तुमीच का मशीनचे डॉक्टर?" त्याने विचारलं. "लवकर करा मालक, कोंबड्या अंडी घालतील ट्रॉलीतच." आतली माणसं हसली.

शाखेचे मॅनेजर निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. सकाळपासून लोकांच्या शिव्या खाऊन ते पार हैराण झाले होते. मी सर्व्हरचा पत्रा उघडला. पुढच्या जाळीवर कुंकू होतं. पंख्याच्या तोंडाशी झेंडूची एक पाकळी वाळून चिकटली होती. मॅनेजर वाकून बघत होते.

"हे बघा," ते म्हणाले. "हे बघा काय घालून ठेवलंय. मी म्हनलो होतो मॅडमला, लांबून पूजा करा. यांनी नारळाचं पाणी पन शिंपडलं."

"फुलानं शिंपडलं साहेब," बाई मागून म्हणाल्या. "दोन थेंब. वरून."

"दोन थेंबानं माणूस मरतो, ही तर मशीन हाय."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅनेजर, बाई, शिपाई, काउंटरच्या जाळीतून वाकून बघणारे दोन-तीन टोपीवाले. पत्र्यावरून ओघळून वाळलेला एक डाग होता, नखाएवढा. तो आत गेलेला नव्हता. डिस्क तर त्याच्यापासून वीतभर लांब, बंद डब्यात. हे मला उघडताक्षणी दिसलं. शिवाय डिस्क का गेली ते मला बीडहून निघतानाच माहीत होतं. मी बोललो असतो तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं.

मी म्हणालो, "बदलून टाकू."

एवढंच. खोटं बोललो नाही. या शब्दांच्या आडोशाला मी पुढे कितीतरी वर्षं बसलो, की आपण खोटं बोललो नाही. दुसराही एक आडोसा होता. आजारी डिस्क बंद करून पुन्हा चालू केली की कधीकधी लवकर जाते. तेव्हा विश्रांती दिल्यामुळे ती चार दिवस आधी गेली असं म्हणता येईल. येईल म्हणता. पण बंद करू का, हे मला विचारलं होतं, आणि करा, असं मी सांगितलं होतं.

नवी डिस्क बसवली. आदल्या संध्याकाळपर्यंतचं सगळं बीडला माझ्याकडे होतंच, ते येताना आणलेल्या टेपवरून चढवलं. दुपार कलायच्या आत काउंटर सुरू झालं. मुकादमाचा ट्रॅक्टर गेला. बाईंनी या सगळ्या वेळात माझ्या हाताशी उभं राहून एकेक स्क्रू बशीत ठेवला आणि एकेक परत दिला.

मी जीपकडे निघालो तेव्हा त्या बाहेर आल्या. शेजारच्या टपरीवरून चहा सांगितला होता, तो कप त्यांनी स्वतः आणून माझ्या हातात दिला.

"साहेब, माफ करा," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळं तुमची लई धावपळ झाली. आन् एवढ्या लोकांची खोटी झाली. घरी गिरणीला आमी तसंच करतो, त्यामुळं हात गेला. मला कळाया पायजे होतं, ही गिरणी न्हाई."

मी चहाचा घोट घेतला. चहा चांगला होता, आलं घातलेला. ते आठवतं.

"होतं असं," मी म्हणालो. "मनावर घेऊ नका."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. इतकं मोठं मन दाखवून मी जीपमध्ये बसलो.

इथवर एखादा म्हणेल की भित्रा होता, नोकरी नवी होती. तसं नव्हतं. मला कुणी काढणार नव्हतं. जिल्ह्यात ते काम येणारा दुसरा माणूस नव्हता आणि अध्यक्षांचा माझ्यावर जीव होता. मी भ्यायलो ते वेगळ्याच गोष्टीला. खरं सांगितलं असतं तर चाळणीचं सांगावं लागलं असतं. मग पिवळ्या नोंदी रिपोर्टमध्ये घाला असं फर्मान निघालं असतं, तो पुन्हा चार पानांचा झाला असता आणि भिंतीपलीकडचं हसू बंद झालं असतं. इतकं बारीक कारण होतं.

आणि दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट टाईप केला. आष्टीसमोर काय लिहायचं याचा फार विचार करावा लागला नाही, बोटांतून आपोआप आलं. 'आष्टी : सर्व्हरला प्रसाद बाधला. नवीन पोट बसवले. प्रकृती उत्तम.'

त्या दिवशी अध्यक्ष इतके हसले की त्यांना ठसका लागला. शिपायाला त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. दुपारभर फोन वाजत होते. गेवराई, माजलगाव, केज, सगळीकडे छापून गेलं होतं. माझ्या सगळ्या रिपोर्टांत तो सगळ्यांत गाजला.

त्यानंतर आष्टीला फोन लावला की दुसऱ्या शाखांचे लोक विचारायचे, "मॅडम, नारळ सोललेला का बिनसोललेला?" महिन्याभरात मॅनेजरने बाईंना परत पासबुकांवर बसवलं. शिक्षा म्हणून नाही, सावधगिरी म्हणून, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं आणि विचारलं, "तुमचं काय मत हाय साहेब?" मी म्हणालो, "शाखेचं तुम्ही बघा." सर्व्हरसमोर एक नवा पोरगा बसला. त्याला एक गोष्ट अनेकदा सांगावी लागायची. आष्टीचा फोन संध्याकाळी सगळ्यांत शेवटी जोडला जाऊ लागला.

आपण अगदीच निर्ढावलेलो नाही हे स्वतःला दाखवायला मी एक केलं. चाळणी काढून टाकली. कुणाला कारण सांगितलं नाही. पिवळ्या नोंदी रोज वाचायला लागलो, त्यांतल्या खऱ्या वेगळ्या काढून रिपोर्टमध्ये खाली घालू लागलो. त्याचा फायदा झाला. केजची डिस्क जायच्या आधी बदलली, माजलगावच्या बॅटऱ्या बदलल्या. अध्यक्षांनी सभेत सांगितलं, आमचा हा पोरगा असा हाय की मशीन आजारी पडायच्या आधी नाडी वळखतो. टाळ्या वाजल्या. सभेला सगळ्या शाखांची माणसं होती. बाईही मागच्या रांगेत होत्या, आणि त्याही टाळ्या वाजवत होत्या.

काही वर्षांनी सगळ्याच टेबलांवर कॉम्प्युटर आले. मग ऑपरेटर असं वेगळं पद राहिलं नाही, पासबुकंही मशीनच छापू लागलं. बाई पुन्हा स्क्रीनसमोर आल्या, बढत्या मिळाल्या, चांगलं चाललं त्यांचं. त्यामुळे माझं मन मला सांगायचं, जाऊ दे, काय बिघडलं? कुणाचं आयुष्य वाया गेलं नाही. हे खरंही आहे. मी सुखाने झोपत आलो आहे, खोटं कशाला सांगू. फक्त झेंडूच्या दिवसांत थोडं टोचायचं, आणि दिवाळी आली की तेही विसरायला व्हायचं.

मग मागच्या वर्षी त्या मला बीडच्या बसस्टँडवर भेटल्या. केस पांढरे झालेले, चष्मा, हातात पिशव्या. सुनेसोबत कोर्टाच्या कामाला आल्या होत्या. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. आम्ही बाकावर बसलो. जुन्या लोकांची विचारपूस झाली. कोण गेलं, कोण कुठे असतं. त्यांनी सुनेला माझी ओळख करून दिली.

"हे आमचे साहेब. मी मशीनला नारळाचं पाणी पाजलं होतं ना, तवा हे धावत आले होते बीडहून. एक शब्द बोलले न्हाईत मला. दुसरा असता तर चारचौघात पाणउतारा केला असता."

सून हसली. तिला ती गोष्ट पाठ असावी.

"आजून सांगती मी शाखेत नव्या पोरींना," बाई म्हणाल्या. "म्हनते, मशीनपाशी हळद-कुंकू नेऊ नका, माझ्यासारखं होईल."

"घरी गिरणी आहे अजून?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"हाय की. भाऊ चालवतो. पन खंडेनवमीला मी गिरणीत जात न्हाई तवापासून. आधी मीच पट्टा उतरवायचे, वडील मलाच सांगायचे, पोरगी लक्ष्मी हाय म्हणून. मग म्हनलं, नको. माझ्या हाताला ते सोसत न्हाई. वडील लई म्हनले ये, शेवटपर्यंत म्हनले. मी न्हाई गेले."

हे सांगताना त्या रडवेल्या वगैरे झाल्या नाहीत. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. आणि पिशवीतून चिवड्याची पुडी काढून अर्धा माझ्या हातावर ओतला.

मी इतकी वर्षं समजत होतो की बाईंची खुर्ची गेली होती आणि ती त्यांना परत मिळाली. गिरणीच्या दारातली ही जागा गेलेली मला माहीतच नव्हती. वडील बोलावत होते आणि त्या जात नव्हत्या, कारण आपला हात वाईट आहे असं त्यांना वाटत होतं, आणि वडील आता नाहीत. तेव्हाच्या तेव्हा सांगावं असं तोंडापर्यंत आलं. सून शेजारी होती. आष्टीची गाडी लागली. कंडक्टर हाका मारायला लागला. बाई उठल्या, पिशव्या उचलल्या, "येते साहेब, तब्येतीला जपा," म्हणाल्या आणि चढल्या. खिडकीतून हातही केला. मी चिवडा हातात घेऊन उभा होतो. गाडी सुटेपर्यंत बराच वेळ होता, सांगायचं असतं तर खिडकीपाशी जाऊनही सांगता आलं असतं.

घरी येऊन हे लिहायला घेतलं. लिहिल्यावर बरं वाटलं, ते कबूल करतो. पण लिहिलं ते त्यांना सांगितल्यासारखं होत नाही, हेही मला कळतं. आष्टी काही लांब नाही. आता रस्ताही चांगला झाला आहे.

मशीन तुमच्या पूजेने गेलं नाही, ते आधीपासून आजारी होतं, मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो, हे त्यांच्या घरी जाऊन, सुनेसमोर आणि भावासमोर, माझ्या तोंडाने त्यांना सांगायचं मी अजून देणं लागतो.